ओठावर तंगूस

अलाबामातल्या या धरणाच्या उतारावर
पहाटे साडेचारला गाड्यांचे दिवे विझतात
आणि मागच्या फाळक्यांवर पेट्या उघडतात.
कप्प्याकप्प्यांत रबराच्या अळ्या,
कलिंगडाच्या सालीच्या रंगाच्या, काळ्या-निळ्या,
सगळ्यांना बडीशेपेचा वास.

"काल काय चाललं?"
हा आमच्यातला रामराम.
आमिष खरं सांगायचं, जागा खोटी,
एवढं एक पथ्य सगळे पाळतात.

लुरलीन शाळेची बस चालवते.
गळाचं टोक अळीच्या पोटातून फिरवून
परत तिच्याच कातडीखाली कसं लपवायचं,
म्हणजे पाणगवतात अडकत नाही,
हे तिनं मला शिकवलं, दातांत टॉर्च धरून.
मग टॉर्च काढून म्हणाली,
"गाठ आवळण्याआधी थुंकी लाव.
कोरडी गाठ आवळताना जळते.
माझी दोन लग्नं तशीच गेली."
हसली नाही. उरलेलं टोक कात्रीनं उडवलं.

टेरन्स टायरच्या दुकानातलं भंगार शिसं वितळवून
गोळीएवढी वजनं ओततो, मोजून देतो,
पैसे घेत नाही, बिअर घेतो.

आणि ऑर्व्हल.
ऑर्व्हलला तळ वाचता यायचा.
पाणी चढण्याआधीचा एक रस्ता आहे खाली,
त्याचा आजा त्यावरून खेचरं न्यायचा.
वजन टाकून हळूहळू ओढत
ऑर्व्हल डोळे मिटून सांगायचा:
हा चिखल. ही खडी. हा बुंधा, जपून.
आणि हे, बघ, डांबर.
डांबराच्या कडेला बास उभा असतो,
बस चुकलेल्या माणसासारखा.

या वसंतात तो म्हणू लागला, मासाच नाही.
आम्हाला दिसायचं,
त्याचं तंगूस पाण्यावर आडवं सरकतंय,
मासा तोंडात घेऊन निघालाय,
आणि हा थर्मासचं झाकण शोधतोय.
कुणी बोललं नाही.
रॉडबद्दल, रिळाबद्दल, पाण्याच्या उष्णतेबद्दल
आम्ही तासन् तास बोलतो.

मग एका शनिवारी त्यानंच विचारलं,
पेटीतल्या अळ्या उगाच रंगवार लावत,
"चावलेलं कळायचं कसं,
समजा एखाद्याला कळतच नसेल तर?"
साखरेनं बोटं नेली होती त्याची.
पेला हातात आहे की नाही
हेही त्याला बघून ठरवावं लागायचं.

टेरन्स म्हणाला, ताठर रॉड घे.
मी म्हणालो, पिवळं तंगूस, नजरेनं पकड.
कुणीतरी घुंगरू सुचवलं, ते कुणीतरी दाबलं.
लुरलीन त्याचा रॉड घेऊन
रिळाजवळचं तंगूस ताणून
त्याच्या खालच्या ओठाशी नेत म्हणाली,
"हा तर आहे ना जागेवर?"

ध्यान दिसत होता.
सत्तरीचा माणूस, टोपी मागे सरकलेली,
होडीच्या टोकाला बसून
पाण्याशी काही कुजबुजत असल्यासारखा.
वजन ओढू लागला.
बराच वेळ काही नाही.
मग ओठ न हलवता, "चिखल."
मग, "खडी."
मग इतका वेळ गेला
की टेरन्स आपलं आमिष बदलू लागला.
"डांबर."
लुरलीन दुसऱ्या किनाऱ्याकडे बघत राहिली.

बास ओढत नाही, हे नवख्याला पटत नाही.
तो फक्त वजन काढून घेतो.
हातात होतं ते अचानक नसतं,
तेव्हा झटका द्यायचा.
ऑर्व्हलनं दिला, उशिरा दिला,
एक रुंद पाठ उलटली, पाणी फुटलं,
आणि तंगूस सैल परत आलं.
गाठ शाबूत. गळ रिकामा.
तो शिव्या देत होता, एकापाठोपाठ एक,
लहान पोरासारख्या खणखणीत.

पुढच्या पहाटे कुणी विचारलं, काल काय चाललं,
तर म्हणाला, "ओठ."

अंधार होता. धडधाकट बोटांचे आम्ही चौघं
चार दिशांना पाठ करून बसलो
आणि एकमेकांना न सांगता तेच करून पाहिलं.
मला लागला फक्त बडीशेपेचा वास,
आणि खूप खाली काहीतरी खडबडीत,
रस्ता असेलही.